बॉनेटखालचा मळ

मी कामाला सायकलवरून जाते. मागच्या पिशवीत टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र असतं. गिऱ्हाईक दार उघडतं, आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या सायकलकडे, आणि मग माझ्या मागे रस्त्यावर. खरा माणूस अजून यायचाय असं त्याला वाटत असतं. एका गृहस्थांनी तर मला अदबीनं घरात बसवून कॉफी दिली आणि विचारलं, "तुमचे मिस्टर गाडी पार्क करतायत का?" मी म्हटलं, माझे मिस्टर आइंडहोवनला घरी मटार सोलतायत, गाडी बघायला मीच आलेय. बिचारे इतके लाल झाले, की दुसरी कॉफी न मागता मिळाली.

माझा धंदा असा: नेदरलंड्समध्ये जुन्या, दुर्मिळ गाडीचा विमा उतरवायचा तर गाडीची किंमत कुणीतरी ठरवून द्यावी लागते. रोजच्या गाड्यांचे तक्ते असतात, वर्ष आणि मॉडेल टाकलं की आकडा येतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या, मोजक्याच निघालेल्या अमेरिकन गाडीचा तक्ता कुठून आणणार? मग टाक्सातूर बोलावतात. टाक्सातूर म्हणजे मूल्यांकन करणारा. तो येतो, गाडी नखशिखांत तपासतो, अहवाल लिहितो आणि सही करतो. विमा कंपनी त्या सहीवर विश्वास ठेवते. आमच्या धंद्यात सही हीच काय ती चीजवस्तू, बाकी टॉर्च वगैरे कुठंही मिळतात.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. नवऱ्याबरोबर, म्हणजे श्रीकांतबरोबर, आइंडहोवनला आले आणि चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या मोजमापाच्या खात्यात अकरा वर्षं काढली. तिथं केसाच्या जाडीला आम्ही ढोबळ माप म्हणायचो. एका डच सहकाऱ्यानं जुनी मसल कार विकत घेतली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज गंमत म्हणून मी तिच्या रंगाची जाडी मोजून दिली. उजव्या दारावर रंग भलताच जाड निघाला. खाली पुट्टी भरलेली होती, म्हणजे गाडीनं कधीतरी मार खाल्ला होता. सहकारी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही आणि मग त्यानं त्याच्या तीन मित्रांना माझा नंबर दिला. इथून सुरुवात झाली. रीतसर परीक्षा देऊन हा धंदा पत्करला त्यालाही आता बारा वर्षं होतील.

मसल कार म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत एका काळी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या, साध्यासुध्या गाड्यांत प्रचंड इंजिनं बसवायला सुरुवात केली. गाडी सरळ रस्त्यावर सुसाट सुटते, वळणावर देवाचं नाव घ्यावं लागतं, आणि पेट्रोल अशी पिते की मोजणाऱ्यालाच लाज वाटावी. त्यातही काही गाड्या खास निघायच्या, म्हणजे स्पेशल एडिशन. शर्यतीच्या नियमात बसावं म्हणून, नाहीतर शोरूममध्ये गर्दी खेचावी म्हणून, काही शे गाड्याच काढायच्या. वेगळा रंग, बॉनेटवर काळे पट्टे, वेगळा कार्बोरेटर, दारावर नंबर कोरलेली पट्टी. बाकी सगळं साध्या गाडीसारखंच. पण ते एवढंसं वेगळेपणच आज सोन्याच्या भावानं विकलं जातं, आणि म्हणूनच साध्या गाडीला पट्टे मारून तिला 'खास' करणारेही पुष्कळ आहेत. असली आणि नकली वेगळं करणं, एवढंच माझं काम.

लोक या गाड्या का घेतात, हा प्रश्न विम्याच्या फॉर्मवर नाही. तो मी माझ्या हौशीनं विचारते. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच असतं: इन्व्हेस्टमेंट. हे उत्तर मी कधीही लिहून घेत नाही. इन्व्हेस्टमेंट करणारा माणूस गाडीच्या चाकाजवळ उकिडवा बसून तिच्याशी बोलत नाही.

या देशात साधं वागणं हा जवळजवळ धर्म आहे. घराला पडदे लावायचे नाहीत, बंगला असला तरी सायकल मोडकीच ठेवायची, बढती मिळाली तर कुजबुजत सांगायचं. अशा देशातला एक माणूस लायडनला राहतो. सायन्स पार्कमध्ये पेशींवर संशोधन करतो, राखाडी स्वेटर, राखाडी केस, बोलतो तेव्हा कान पुढे न्यावा लागतो. त्याच्याकडे हिरव्याजर्द रंगाची, सिंहासारखी गुरगुरणारी खास गाडी आहे. दोन तास मी तिच्या पोटाखाली होते. बाहेर आल्यावर पुन्हा विचारलं, खरं सांगा, का घेतली? तो म्हणाला, "दिवसभर मी जे करतो ते कुणालाच दिसत नाही, मलासुद्धा सूक्ष्मदर्शक लागतो. रविवारी मी हिला सुरू करतो, आणि अख्ख्या गल्लीला कळतं की मी आहे." मग जरा घाबरून म्हणाला, "फक्त दहा मिनिटं हां. अकरानंतर." शेजाऱ्यांना तो आधी चिठ्ठी टाकतो, हे मला नंतर कळलं.

दुसरी एक आजी. ब्राबांटातल्या एका खेड्यात तिचा नवरा वारला आणि त्याची लाडकी निळी गाडी मागे राहिली. वीस वर्षं तो क्लबात सांगत आला होता, पाचशेतली एक आहे. मी पाहिली. मागच्या सीटखालचा कारखान्याचा कागद दुसऱ्याच गाडीचा, पट्टे हातानं रंगवलेले, दारावरच्या नंबराच्या पट्टीचे रिव्हेट चुकीचे. गाडी साधी होती, सोंग घेतलेली. हे नवऱ्याच्या फोटोसमोर बसून बाईंना कसं सांगावं, कळेना. चाचरत सांगितलं. आजी खो खो हसल्या. "अगं, ते पट्टे रंगवायचे कागदाचे साचे त्यानं माझ्या जेवणाच्या टेबलावर कापले. मीच धरले होते!" आणि क्लबातल्या लोकांना? "सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण इतकी सुंदर रेघ कुणालाच जमत नव्हती." मी अहवालात 'प्रतिकृती' लिहिलं आणि आजींनी ती गाडी ठेवून घेतली.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी 'एखादी न विसरता येण्याजोगी केस' मागितली, आणि ती सांगायची तर मला माझाच कान धरावा लागेल. त्या केसमध्ये घोळ झाला, आणि त्याची सुरुवात माझ्या बोटापासून झाली.

प्रसाद आमच्या मराठी मंडळातला. आइंडहोवनला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला जवळच्याच न्यूनेनला. गणपतीत आरतीला झांजा वाजवणारा, स्वभावानं नीटनेटका, सहसा आवाज न चढवणारा. त्यानं केशरी रंगाची, बॉनेटवर काळा पट्टा असलेली खास गाडी घेतली आणि विम्यासाठी मला बोलावलं. "मंजिरीताई, आपल्या माणसानं बघितलेली बरी," म्हणाला.

मी बॉनेट उघडलं आणि टॉर्च आत मारला. ही गाडी कुणी कधी 'नवी' केलीच नव्हती. इंजिनाभोवती जुना धुरकट थर, कडेला कारखान्यातल्या फवाऱ्याचा सांडलेला रंग, आणि आतल्या पत्र्यावर पिवळ्या मेणखडूनं काढलेल्या खुणा. दोन आकडे, एक फुली, आणि एक घाईघाईतलं अक्षर. हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या काळी कारखान्यात गाडी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायची. एकानं बोल्ट आवळले की तो खडूनं खूण करायचा, म्हणजे पुढच्याला कळावं की हे काम झालं. कुणासाठी जपून ठेवायची ती खूणच नव्हती. पुढे मालकांनी गाड्या धुतल्या, रंगवल्या, चकचकीत केल्या, आणि खुणा गेल्या. म्हणून ज्या गाडीवर त्या शिल्लक आहेत, ती वेगळ्याच पंगतीला बसते. रंग परत देता येतो, इंजिन परत बांधता येतं, पण तो खडू पुन्हा मिळत नाही.

मी प्रसादला हे सगळं भराभरा सांगत होते. इंग्रजीत, कारण धंद्यातले शब्द माझ्या तोंडी इंग्रजीतच येतात. एकेका खुणेवर टॉर्च मारत होते, बोट दाखवत होते, 'हे बघ, आणि हे, आणि इथं तर किती आहे' असं चाललं होतं. मागे प्रसादचे वडील चहाचा ट्रे घेऊन उभे होते. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी कप उचलला, "थँक यू, अण्णा" म्हटलं आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. निघताना प्रसादला नेहमीचा प्रश्न विचारला: का घेतलीस?

"इन्व्हेस्टमेंट, ताई," तो म्हणाला. मी हसले आणि काहीच लिहिलं नाही.

गाडीभोवती त्यानं दोरी बांधली होती. खरीच दोरी, चार खुर्च्यांना. अहवाल मी लिहून ठेवला: अस्पर्शित, मूळ अवस्थेतली, पहिला दर्जा. इंजिन सुरळीत चालते. फोटो जोडले. सही तेवढी बाकी होती, कारण अमेरिकेतून एक कागद यायचा होता.

तीन आठवड्यांनी प्रसादचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, तो रिपोर्ट पाठवलात का?" मी म्हटलं, कागद आजच आला, संध्याकाळपर्यंत सही करते. "मग आत्ताच करा. प्लीज. फोटो आहेतच ना तुमच्याकडे." माझ्या कानात काहीतरी टोचलं. सही लवकर मागणारी माणसं मी बारा वर्षांत बरीच पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाकडेही सगळं आलबेल नव्हतं. मी सायकल काढली आणि न्यूनेनला गेले.

प्रसाद दारातच उभा होता. त्यानं मला अडवून हळू आवाजात, इंग्रजीत सांगितलं. काल खंडेनवमी होती. तो ऑफिसला गेला होता. परत आला तर गाडीसमोर रांगोळी, चाकाखाली लिंबू, आरशाला झेंडूची माळ, आणि बॉनेटच्या आत तोंड पाहावं इतका लख्ख पत्रा. अण्णांनी बाजारातून टर्पेंटाइन आणलं होतं, जुना टूथब्रश घेतला होता आणि सकाळी आठपासून बसले होते.

"ताई, तुम्ही तपासलं तेव्हा खुणा होत्याच ना? खोटं काहीच नाहीये. तपासणीची तारीख टाका आणि सही करा. आणि अण्णांना काही कळू देऊ नका. त्यांना वाटतंय मी खूश आहे."

आता इथं माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवत नाही. आलं की करून टाकावं. तारीख खरी, फोटो खरे. मुलगा आपला, मंडळातला. आणि एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं जाईल. मी त्या दारात उभी राहून चांगला मिनिटभर तो विचार केला. पण गाडी आत उभी होती आणि ती तशी नव्हती, हे मला आता माहीत होतं. माहीत असून सही केली, तर उद्यापासून माझ्या सहीला काय अर्थ? मी म्हटलं, "प्रसाद, मला गाडी पुन्हा बघावी लागेल."

गॅरेजात अण्णा होते. दोरीच्या बाहेर, एका स्टुलावर. मी आत गेले तसे उठले. मी बॉनेट उघडलं. काम काय सुंदर केलं होतं, काय सांगू! एकेक नट स्वच्छ, एकेक वायर पुसून जागच्या जागी बसवलेली, पत्र्यावर ओरखडा नाही. चाळीस वर्षं हातानं काम केलेल्या माणसाचं घासणं-पुसणं होतं ते. मी टॉर्च फिरवला आणि ज्या जागी खुणा होत्या तिथं तो आपसूक थांबला. पहिल्या जागी, दुसऱ्या, तिसऱ्या. टॉर्चच बोलत होता.

"बाई," अण्णा मागून म्हणाले, "तिथं काय होतं?"

प्रसाद पटकन म्हणाला, "काही नाही अण्णा, रूटीन आहे."

"तुला नाही विचारलं. यांना विचारतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं नाना पेठेत गॅरेज होतं. गिऱ्हाईक गाडीत कुठं बघतंय त्यावरून मला कळायचं, काय बिघडलंय ते. तुम्ही रिकाम्या जागेकडे बघताय. काय होतं तिथं?"

मी फोनवर आधीच्या भेटीतला फोटो उघडून त्यांच्या हातात दिला. मराठीत, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कारखाना, पट्टा, बोल्ट, खडू, आणि त्या खडूमुळे गाडी काय होती आणि आता काय राहिली. अण्णांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा वर करून बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि ते पुन्हा स्टुलावर बसले.

"आम्हीपण करायचो," ते म्हणाले. "हेडचे बोल्ट आवळले की खडूनं टिंब द्यायचो. म्हणजे मी जेवायला गेलो तर दुसऱ्याला कळावं." थोडं थांबून म्हणाले, "माझ्यासारख्याच कुणाचं तरी अक्षर पुसलं मी."

"अण्णा, तुम्हाला कुठं माहीत होतं?" मी म्हटलं.

"कसं माहीत असणार? तुम्ही आला होतात तेव्हा मी इथंच उभा होतो की. ट्रे घेऊन. तुम्ही इंग्रजीत बोलत होतात. पण बोट दाखवत होतात, एकेका जागी बॅटरी मारून. हे बघ, हे बघ. मला वाटलं, बाई मळ दाखवतायत. पोराला सांगतायत की गाडी किती घाण ठेवलीय. म्हणून त्या जागा मी लक्षात ठेवल्या, आणि तिथंच जास्त घासलं."

मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. बारा वर्षं मी दारोदार ऐकत आले, तुमचे मिस्टर कुठे, खरा माणूस कुठे. घरी येऊन श्रीकांतजवळ तणतणत आले. आणि त्या गॅरेजात माझ्या पाठीमागे अख्खं आयुष्य इंजिनात घातलेला माणूस उभा होता, त्याच्याकडून मी फक्त चहा घेतला. एक वाक्य मराठीत बोलले असते, 'अण्णा, हा मळ नाही, खूण आहे', तर ती गाडी आजही पहिल्या दर्जाची असती. मी तसं त्यांना सांगितलं. माफी मागितली. 

अण्णांनी हात हलवला. "तुमचं काय चुकलं? चहा आणणाऱ्याला कोण गाडीचं सांगतं?" हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

प्रसाद एकदम उसळला. "पण मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून! दोरी कशाला बांधली होती मी? रोज सांगत होतो अण्णा, हात लावू नका, हात लावू नका!"

"सांगत होतास. दीड महिना ऐकलं. काल खंडेनवमी होती. काल तरी लावू देशील, असं वाटलं."

"तुम्हाला माहितीये, ही कुठली गाडी आहे ते?" प्रसादचा आवाज चढला. "तुमच्या गॅरेजात भिंतीवर कॅलेंडर होतं. स्पेअर पार्टवाल्यानं दिलेलं. वर्ष संपलं, दुसरं संपलं, तरी तुम्ही ते पान काढलं नाहीत. केशरी गाडी, काळा पट्टा. आई म्हणायची, जुनं झालं, फेका. तुम्ही म्हणायचात, राहू दे, असलं इंजिन एकदा उघडून बघायचंय. सहा वर्षं शोधत होतो मी. हाच रंग, हाच पट्टा. तुमच्यासाठी घेतली, अण्णा!"

 अण्णांनी दोरीपलीकडच्या गाडीकडे बघितलं.

"माझ्यासाठी घेतलीस," अण्णा म्हणाले, "मग हात का लावू दिला नाहीस?"

 याचं उत्तर मला ठाऊक होतं. गाडी दुर्मिळ आहे हे आम्हीच त्याला सांगतो. मीही तेच सांगितलं होतं, ट्रेमधला चहा पीत. दुर्मिळ म्हटलं की माणूस आधी दोरी आणतो. कशासाठी घेतली, हे विसरायला त्याला आठवडासुद्धा लागत नाही, आणि इतकी वर्षं हा प्रश्न विचारत हिंडणारी मी पहिल्या उत्तरावर हसून निघून आले होते.

मी तिथेच खोक्यावर लॅपटॉप ठेवून अहवाल दुरुस्त करायला घेतला. 'अस्पर्शित' खोडलं. 'मूळ अवस्थेतली, इंजिनकक्ष स्वच्छ केलेला' लिहिलं. दर्जा दुसरा. किंमत उतरली, किती ते सांगत नाही. प्रसादनं खांद्यावरून वाचलं आणि मान हलवली. मग मी मोठ्यानं पुढची ओळ वाचली, "इंजिन सुरळीत चालते."

"नाही चालत," अण्णा म्हणाले.

मी वर पाहिलं.

"एक सिलिंडर मिस मारतोय. महिनाभर स्वयंपाकघरातून ऐकतोय मी. हा रविवारी सुरू करतो, पाच मिनिटं कौतुकानं बघतो आणि बंद करतो. आठ आहेत, त्यात एक कमी झाला तर याला काय कळणार? उजव्या बाजूचा, मागून दुसरा. प्लग तरी गेलाय नाहीतर वायर तरी."

मी आधीच्या भेटीत ते इंजिन स्वतः ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे काय, खडू सापडल्याच्या आनंदात उभी होते, कान कुठंतरी दुसरीकडेच होते. प्रसादनं किल्ली फिरवली. आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. त्या सगळ्या गडगडाटात खोल कुठंतरी एक ठोका चुकत होता, आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

प्रसादनं इंजिन बंद केलं. उतरला, खुर्च्यांच्या गाठी सोडल्या आणि दोरी गुंडाळून फडताळात टाकली. मग तिथं उभा राहून, लहान मुलानं विचारावं तसं म्हणाला, "अण्णा, काढून बघायचा का प्लग?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. "मला काय विचारता?" मी म्हटलं. "आता मळच उरलेला नाही, बिनधास्त घाला हात."

पुढचे दोन तास मी विनाकारण तिथं थांबले. अण्णांनी बाह्या सारल्या. प्रसादनं पान्ह्यांची पेटी आणली, नवी कोरी, एकही पान्हा कधी वापरलेला नाही. अण्णांनी ती बघून "शोकेसमधून आणलीस का?" असं विचारलं. मग टॉर्च कसा धरायचा, ते पोराला शिकवलं. प्रसाद पंचेचाळिशीचा आहे, त्याच्या हाताखाली बारा माणसं काम करतात. "माझ्या डोळ्यात नको, प्लगवर मार," असं तीनदा ऐकून घेतलं त्यानं. प्लग निघाला, काळाठिक्कर. अण्णांनी तो आधी माझ्यासमोर धरला. "हे बघा," म्हणाले, आणि बोट दाखवून, मराठीत, नीट समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. प्लग घासून, फट बघून परत बसवला आणि गाडी सुरू झाली तेव्हा आठही ठोके पडत होते. पलीकडच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन बघायला लागली. तिला आधी चिठ्ठी टाकायची राहून गेली होती.

आमच्या अहवालाला ठरावीक सोळा फोटो जोडावे लागतात. चौदावा इंजिनाचा. नियम असा, की फोटोत माणूस नको, फक्त यंत्र. मी कॅमेरा काढून म्हटलं, "अण्णा, जरा बाजूला होता?" इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते वाकून कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा-अर्धा वेढा फिरवत होते आणि प्रसाद टॉर्च अगदी बरोबर जागी धरून उभा होता. मी पुन्हा हाक मारणार होते. नाही मारली. आहे तसा फोटो घेतला, तोच जोडला आणि खाली सही केली.

चार दिवसांनी विमा कंपनीतून मेल आला. अहवाल मान्य आहे, फक्त एक शंका: फोटो क्रमांक चौदामध्ये इंजिनासमोर एक वयस्क गृहस्थ दिसतात, ते कोण?

मी उत्तर लिहिलं, "मेकॅनिक."